युक्रेनी नाताळची संध्याकाळ घरी करायची असेल तर: तूप विसरा आणि गहू आदल्या रात्री भिजवा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. युक्रेनमधे नाताळच्या आदल्या संध्याकाळी जे जेवण होतं, ज्याला ते स्वियाता वेचेर्या म्हणतात, ते उपासाचं जेवण आहे. टेबलावर बारा पदार्थ असतात, माणूस उठताना हाश्शहुश्श करतो, आणि तरीही उपासच. पण त्यांचा उपास आपल्याला एकदम उलटा वाटतो. मासे चालतात, कांदा-लसूण चालतो, गहू-भात-बटाटा सगळं चालतं, पण मांस, अंडं, दूध, लोणी, तूप, चीज यातलं काही म्हणजे काही नाही. तेल वापरायचं, तेही सूर्यफुलाचं असेल तर उत्तम, कारण तिथं घरोघरी तेच. आपल्याकडे 'व्हेज आहे' म्हटलं की चमचाभर तूप आपोआप पडतं, तिथंच चूक होते.

मला हे फजिती होऊन कळलं. मी तेर्नोपिलला मेडिकलला होते, पश्चिम युक्रेनमधे, आम्ही तिघी मुली एका आजींकडे भाड्यानं राहायचो, त्यांना बाबुस्या म्हणायचो, म्हणजे आजीच. पहिल्याच वर्षी त्यांनी जेवायला बोलावलं, आता रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मी घरून आलेले बेसनाचे लाडू डब्यात भरून नेले, साजूक तुपातले. बाबुस्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, "मास्लो?" म्हणून विचारलं, म्हणजे लोणी आहे का यात, मी अगदी कौतुकानं हो म्हटलं. त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि डबा खिडकीच्या दोन काचांच्या मधे ठेवून दिला, थंडीत तोच त्यांचा फ्रीज. मला वाटलं झालं, आवडले नाहीत. दुसऱ्या दिवशी चर्चमधून आल्या आल्या कोटसुद्धा न काढता त्यांनी तो डबा काढला आणि उभ्याउभ्या दोन लाडू खाल्ले. ४० दिवस दूध-लोण्याला हात लावलेला नव्हता त्यांनी, त्या उपासाला पिलिपिव्का म्हणतात, आणि आदल्या संध्याकाळचं जेवण हा त्याचा शेवटचा टप्पा.

आता तारीख, कारण इथं भल्याभल्यांचा गोंधळ होतो. माझ्या वेळी हे सगळं ६ जानेवारीच्या संध्याकाळी व्हायचं, चर्च जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळायचं जे आपल्या रोजच्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे चालतं. २०२३ मधे ऑर्थोडॉक्स चर्च ऑफ युक्रेन आणि युक्रेनी ग्रीक कॅथलिक चर्च दोघांनीही १ सप्टेंबरपासून नवीन ज्युलियन कॅलेंडर घेतलं, ज्यात नाताळ आपल्या रोजच्या कॅलेंडरसारखाच २५ डिसेंबरला येतो, आणि त्याच वर्षी जुलैत सरकारनं कायदा करून नाताळची सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला नेली. रशियाच्या चर्चपासून लांब व्हायचं हे त्यामागचं उघड कारण. त्यामुळे आता स्वियात वेचिर म्हणजे ती पवित्र संध्याकाळ २४ डिसेंबरला. मॉस्कोशी जुनं नातं असलेल्या चर्चची मंडळी अजून जानेवारीच धरतात, आणि काही घरांत म्हातारे एक तारीख आणि पोरं दुसरी असंही चालतं. तुम्हाला कोणी बोलावलं असेल तर सरळ विचारून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तयारी पाच दिवस आधीपासून, ती बीटमुळे. गालिसिया भागात, म्हणजे ल्वीव-तेर्नोपिलच्या पट्ट्यात, या दिवशीचं बोर्श्च, म्हणजे बीटचं सूप, बीटच्या आंबवलेल्या पाण्यावर करतात, उत्तरेकडच्या कांजीसारखंच प्रकरण. तीन बीट सोलून जाड फोडी करा, काचेच्या बरणीत घाला, लसणाच्या चार पाकळ्या, दीड लिटर उकळून गार केलेलं पाणी, मोठा चमचाभर मीठ, वर फडकं बांधा. मी नाशिकला करते, डिसेंबरच्या थंडीत चार-पाच दिवस लागतात, मुंबईत तीनच दिवसांत तयार होईल. वर पांढरा फेस आला तर काढून टाकायचा, हिरवं-काळं काही दिसलं किंवा कुबट वास आला तर सगळी बरणी फेकायची, मन घट्ट करून.

आणि आता मेन गोष्ट, कुत्या. हो, कुत्या, 'त्या'वर जोर देऊन म्हणायचं, माझ्या भावानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दहा मिनिटं हसत होता, हसून घ्या आणि पुढे चला. कुत्याशिवाय बाकीचे अकरा पदार्थ असून नसल्यासारखे. ही गव्हाची गोड खीरच समजा, कोल्हापूर-सोलापूरकडे खपली गव्हाची करतात तशी, फक्त गुळाऐवजी मध, आणि दूध-नारळाऐवजी खसखशीचं दूध. तिथं काही भागांत सातूची करतात, आता तांदळाचीही करतात, पण गहू तो गहू.

एक वाटी सडलेले, म्हणजे कांडून साल काढलेले, गहू घ्या, खपली मिळाली तर बेस्ट, किराणावाल्याला खिरीचे गहू म्हटलं की कळतं. २३ च्या रात्री भरपूर पाण्यात भिजवा. सकाळी ते पाणी टाकून तिप्पट पाण्यात कुकरला लावा, पाच-सहा शिट्ट्या आणि मग मंद गॅसवर पंधरा मिनिटं. दाणा फुटून फुलला पाहिजे पण दाताखाली आला पाहिजे, लापशी झाली तर गेलं. उरलेलं पाणी ओतू नका, बाजूला ठेवा.

अर्धी वाटी खसखस निवडून, धुऊन, तिच्यावर उकळतं पाणी ओता, झाकून तासभर ठेवा, निथळून परत एकदा गरम पाणी ओता आणि परत निथळा. मग वाटायची. बाबुस्यांकडे त्यासाठी माकित्रा होती, आतून रेघारेघांची मातीची परात म्हणा किंवा खोल कुंडी म्हणा, आणि माकोहिन म्हणजे लाकडी दांडा, ती मांडीत धरून त्या अर्धा तास गोल गोल रगडत बसायच्या, आणि काळ्या खसखशीतून हळूहळू राखाडी-पांढरं दूध सुटायला लागलं की म्हणायच्या आता झालं. आपल्याकडे पाटा-वरवंटा असेल तर तोच उत्तम. मिक्सरमधे करायचं तर छोटं भांडं घ्या आणि गव्हाचं पाणी चमचा-चमचा घालत थांबून थांबून फिरवा, एकदम भरपूर पाणी घातलं तर खसखस नुसती गरगर फिरते, वाटली जात नाही. आपली खसखस पांढरी असते, तिथली निळसर काळी, चव थोडी वेगळी येते पण चालतं. एक सूचना मात्र सीरियसली घ्या, दुबई, सौदी किंवा सिंगापूरला राहत असाल तर इथून खसखस नेऊ नका, तिकडे बंदी आहे आणि पोलीस केस होते. तिथं बदाम वाटून घाला, कोणी काही म्हणत नाही.

गहू पूर्ण गार झाले की त्यात खसखस, अर्धी वाटी भाजलेले अक्रोड हातानं मोडून, अर्धी वाटी मनुका गरम पाण्यात फुगवून, आणि तीन-चार मोठे चमचे मध. मध गरम गव्हात घालू नका. घट्ट वाटलं तर ते राखून ठेवलेलं पाणी किंवा उझ्वार (ते पुढे सांगते) घालून सैल करा. वेलची-जायफळ घालायचा हात आवरा, मला दरवर्षी होतो तो मोह.

उझ्वार म्हणजे सुक्या फळांचं पेय, कुत्याची जोडीदारीण. तिकडे सफरचंद, नाशपाती आणि आलुबुखार वाळवतात, आलुबुखार आणि नाशपाती बऱ्याचदा धुरावर, त्यामुळे त्याला चुलीसारखा वास असतो. आपल्याकडे सुकं सफरचंद आणि प्रून्स ऑनलाइन मिळतात, नाशपातीऐवजी जर्दाळू टाका. ४०० ग्रॅम फळं धुऊन अडीच लिटर पाण्यात घाला, उकळी आली की मंद आचेवर वीस मिनिटं, गॅस बंद, झाकण, आणि रात्रभर तसंच. ही झाकून ठेवण्याचीच खरी मेहनत आहे. मध घालायचा तो पेय कोमट झाल्यावर.

बाकी पदार्थ भराभर सांगते. बोर्श्चसाठी सुके मशरूम भिजवून उकळा, ते पाणी, त्यात परतलेला कांदा-गाजर-बीट, आणि शेवटी आपलं बीटचं आंबट पाणी गाळून. हे घातल्यावर खदखदून उकळू द्यायचं नाही, नाहीतर तो माणिकासारखा लाल रंग जाऊन विटकरी होतो. त्यात सोडायचे वुश्का, म्हणजे 'छोटे कान'. मैदा, मीठ, कोमट पाणी, चमचाभर तेल, पातळ लाटून सुपारीएवढे चौकोन कापा, मशरूम-कांद्याचं कोरडं सारण, त्रिकोण दुमडा आणि दोन टोकं बोटाभोवती जोडून चिकटवा. बोर्श्चला २०२२ मधे युनेस्कोनं युक्रेनचा वारसा म्हणून, तातडीनं जपायच्या यादीत घेतलं, त्याची बाबुस्यांना केवढी मजा वाटली होती, म्हणाल्या आता तरी पोरं पातेलं पुसून खातील.

वारेनिकी तुम्हाला येतातच, फक्त तुम्हाला माहीत नाही. करंजीला मुरड घालता येत असेल तर संपलं, तळण्याऐवजी मीठाच्या पाण्यात उकळायच्या, वर आल्या की दोन मिनिटांनी काढायच्या आणि तेलात लाल केलेला कांदा ओतायचा, नाहीतर एकमेकींना चिकटून गोळा होतो. सारण बटाट्याचं, आंबवलेल्या कोबीचं किंवा गोड हवं तर खसखशीचं. होलुब्त्सी म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला भात किंवा कुट्टू आणि मशरूम, टोमॅटोच्या रसात शिजवलेले. कुट्टू उत्तरेत नवरात्राच्या उपासाला खातात आणि तिथंही उपासाच्या ताटात येतो, बघा कसं जुळतं. मासा कार्प असतो, आपला रोहू-कटला त्याच खानदानातला, मीठ-मिरपूड-मैदा लावून तेलात तळा, बास, आगळ-मसाला नको. खारवलेला हेरिंग मिळाला तर कांदा-तेल घालून, नाही मिळाला तर सोडून द्या. शिजवलेला राजमा लसूण-तेल घालून ठेचलेला, वाटाणा घातलेला कोबी, मशरूमची ग्रेव्ही, लोणच्याच्या काकड्या. आणि पाम्पुखी, म्हणजे यीस्टचे तळलेले गोळे, ल्वीवकडे आत गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरंबा भरतात. हो, गुलकंदच. मी आपला बरणीतला गुलकंद भरते, दूध-अंडं न घालता कणीक भिजवली की उपासालाही चालतात.

मोजलंत तर बारा झाले. बारा प्रेषित म्हणून बारा, कोणी म्हणतं वर्षाचे बारा महिने. सहाच जमले तरी कोणी पोलीस येत नाही, बाबुस्या कमी पडले की ब्रेड आणि मीठसुद्धा मोजायच्या.

टेबल मांडताना खाली मूठभर गवत पसरा, त्यावर स्वच्छ चादर, येशू गव्हाणीत जन्मला त्याची ती आठवण. चारी कोपऱ्यांत चादरीखाली एकेक लसणाची पाकळी, वाईट शक्ती लांब राहायला. मधे कोलाच, वेणीसारखा गोल ब्रेड, त्यात मेणबत्ती. आणि कोपऱ्यात, जिथं देवाच्या तसबिरी असतात तिथं, दिदुख.

दिदुख म्हणजे धान्याची पेंढी, शब्दात 'दिद' आहे म्हणजे आजोबा. पूर्वज या पेंढीत येऊन सण संपेपर्यंत घरात राहतात असं मानतात. युक्रेनमधे ख्रिसमस ट्री आला त्याच्या कितीतरी आधीपासून हा आहे. करायला सोपा, लोंब्यांसकट गव्हाच्या काड्या विषम संख्येच्या छोट्या जुड्यांत बांधा, मग सगळ्या जुड्या कमरेला एकत्र सुतळीनं आवळा, खालचा भाग तीन पायांत वाटून बांधा म्हणजे उभा राहतो, वर लाल फीत. काड्या आधी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा नाहीतर मुडपताना तुटतात. महाराष्ट्रात डिसेंबरात गहू शेतात हिरवाच असतो, त्यामुळे मी कोकणातल्या मैत्रिणीकडून भाताच्या लोंब्या मागवते, तिच्याकडे दसऱ्याला दाराला नवं बांधतात त्यातलीच कुळी. पूर्वजांना भाताचं काय वावडं असणार.

आता संध्याकाळ. दिवसभर मोठी माणसं जवळजवळ काही खात नाहीत, आणि पहिली चांदणी दिसल्याशिवाय कोणी टेबलाशी बसत नाही. चांदणी शोधायचं काम मुलांचं. तेर्नोपिलला साडेचारलाच अंधारून यायचं, पाचच्या सुमारास शेजारचं पोरगं बोंबलत जिन्यावरून यायचं. इथं साडेसहा धरा. ढग असतील तर अंदाजानं बसा. गावाकडे माणसांच्या आधी गाईगुरांना वाढतात, त्या रात्री जनावरं बोलतात म्हणे आणि मालकाची तक्रार करतात, म्हणून पोट भरलेलं बरं. काही ठिकाणी घरचा कर्ता दारात उभा राहून थंडीला हाक मारतो, ये बाई कुत्या खायला, आत्ता आली नाहीस तर मग पिकावरही येऊ नकोस.

एक पान जास्तीचं वाढायचं. रिकामी खुर्ची, ताट, चमचा. गेलेल्यांसाठी, आणि वाटेवरच्या कोणी अनोळख्यासाठीही. आपल्या पितरांच्या पानाची आठवण येतेच, फरक एवढाच की ते पान घराबाहेर किंवा कावळ्याला जात नाही, ते सगळ्यांच्या बरोबरीनं टेबलावर असतं. आणि बसायच्या आधी खुर्चीवर हलकेच फुंकर मारायची, कोणी आधीच येऊन बसलं असेल तर त्यांच्यावर बसू नये म्हणून. मी पहिल्या वर्षी धूळ झटकतात समजून रुमालानं खुर्ची पुसली होती. आता युद्धामुळे कित्येक घरांत ती खुर्ची आघाडीवर असलेल्या किंवा परत न आलेल्या मुलाची असते, तेव्हा युक्रेनी घरात पाहुणे म्हणून गेलात तर त्या खुर्चीबद्दल चटकन विचारू नका.

घरातलं मोठं माणूस मेणबत्ती लावतं, 'ओत्चे नाश' ही प्रार्थना होते, मग "ख्रिस्तोस नारोदिव्स्या!" म्हणजे ख्रिस्त जन्मला, आणि उत्तर "स्लावीमो योहो!" म्हणजे त्याची स्तुती करू या. एवढी दोन वाक्यं पाठ करा, नाताळच्या दिवसांत हॅलोच्या जागी हीच चालतात. पहिला घास कुत्याचाच, सगळ्यांनी. पूर्वी कर्ता माणूस चमचाभर कुत्या छताला फेकायचा, जितके दाणे चिकटतील तितकी मधमाश्यांची पोळी आणि बरकत, भाड्याच्या घरात असाल तर हे वगळा, डिपॉझिट जाईल. त्यानंतर बोर्श्च, मासे आणि बाकी, प्रत्येक पदार्थ निदान चाखायचाच. वाढणारी सोडून बाकी कोणी मधेच उठायचं नाही, म्हणून मोबाइल आधीच लांब ठेवा.

जेवण झालं की गाणी, कोल्यादकी. पश्चिमेकडे पहिलं जुनं भजनच म्हणतात, 'बोह प्रेदविच्नी'. पोरं मोठी चांदणी घेऊन घरोघर फिरतात, वेर्तेप म्हणजे जन्मकथेचं सोंग आणतात, त्यात हेरोद राजा, मृत्यू, सैतान, बकरी सगळे. सोव्हिएत काळात हे सगळं दाबलं होतं, १९७२ च्या जानेवारीत ल्वीवमधे वेर्तेप काढून राजकीय कैद्यांसाठी पैसे जमवणाऱ्या लेखक-कलाकार मंडळींना १२ तारखेला धरपकडीत उचललं, आजही त्याला 'अटक झालेली कोल्यादा' म्हणतात. आणि इंग्रजीत घंटांचं ख्रिसमस गाणं म्हणून जगभर वाजतं ती चाल मिकोला लेओन्तोविचनं बांधलेल्या 'श्चेद्रिक'ची, १९१६ ला कीव्हमधे पहिल्यांदा गायलं गेलं, इंग्रजी शब्द १९३६ चे. मूळ गाण्यात घंटा नाहीत, एक पाकोळी येऊन मालकाला सांगते गोठ्यात जाऊन बघ कोकरं झालीत. ते नाताळचं नाहीच, ३१ डिसेंबरच्या संध्याकाळचं आहे, तेव्हा २४ ला म्हटलंत तर जाणकार आजी भुवई उंचावेल.

पुढचे दिवस थोडक्यात. ३१ ला मालान्का, सोंगं काढून फिरतात, बाईच्या वेषात पुरुष आणि सोबत बकरी, चेर्निव्त्सीकडच्या वाश्किव्त्सी गावची फेमस. १ जानेवारीला सकाळी मुलगे घरात येऊन धान्याचे दाणे उधळतात, त्या दिवशी पहिलं पाऊल पुरुषाचं लागावं म्हणून, यावर आमच्या तिघींचं बाबुस्यांशी दरवर्षी भांडण. ५ ला परत कुत्या, पण साधी, तिला 'भुकेली कुत्या' म्हणतात, आणि ६ ला पाणी मंतरायचा सण, नदीच्या बर्फातून क्रूस कापतात. सण आटोपले की दिदुख अंगणात जाळतात, दाणे आधी काढून पेरणीच्या बियाण्यात घालायला ठेवतात.

२४ च्या रात्री भांडी घासायला घेऊ नका. कुत्याचं भांडं आणि सगळ्यांचे चमचे टेबलावर तसेच ठेवायचे, रात्री येतील ते खातील. आपल्याकडे मुंग्या येतात हो, म्हणून मी परातीत पाणी घालून त्यात भांडं ठेवते आणि वर जाळी. सकाळी उरलेली कुत्या फ्रीजमधे, तीन दिवसांत संपवा, खसखस लवकर आंबते. आणि मग तुपातल्या लाडवांचा डबा काढा.